भूकंप तिकडे, पडझड इकडे: पायाखालच्या जमिनीबद्दल बोलूया

कातळवाट

पुनर्विकासाच्या धाग्यावर एकांनी विचारलं होतं, "आमची सोसायटी झोन ३ मध्ये येते, मग भूकंपाचा विचार कितपत करायचा?" तिथे उत्तर लिहिलं असतं तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा स्वतंत्र धागा. मी ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात माती तपासणीचं काम करतो. हा प्रश्न मला साइटवर नेहमी ऐकू येतो, आणि त्याचं उत्तर लोकांपर्यंत नीट पोहोचत नाही याची मला मनापासून काळजी वाटते.

कुठल्या पट्ट्यात साधारण किती जोराचा हादरा गृहीत धरायचा, एवढंच झोनचा नकाशा सांगतो. तो हादरा खडकातून वर येऊन तुमच्या पायाला लागेपर्यंत मधल्या मातीत त्याचं काय होतं, ते त्या नकाशात दिसत नाही. एकाच झोनमध्ये, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, दोन वेगळे भूकंप झाल्यासारखं नुकसान होऊ शकतं.

यातलं सगळ्यात ठळक उदाहरण मेक्सिको सिटीचं. १९ सप्टेंबर १९८५ च्या सकाळी मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावर, मिचोआकानजवळ ८.० तीव्रतेचा भूकंप झाला. राजधानी तिथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब, म्हणजे मुंबई ते सोलापूर धरा. केंद्राजवळ किनाऱ्यावर, खडकावर बसवलेल्या यंत्रांनी जमिनीचं त्वरण साधारण ०.१५ जी नोंदवलं (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). राजधानीच्या दक्षिणेला विद्यापीठाचा परिसर जुन्या लाव्हाच्या खडकावर आहे, तिथे ०.०३ ते ०.०४ जी. इतक्या अंतरावर हादरा विरणारच, यात नवल नाही. पण तिथून थोड्याच किलोमीटरवर, त्याच शहरात, दळणवळण खात्याच्या आवारातल्या यंत्राने ०.१७ जी नोंदवलं. केंद्राच्या डोक्यावर होतं त्याहूनही जास्त!

कारण त्या आवाराखाली तळं होतं. अझ्टेक लोकांनी तेश्कोको तळ्यातल्या बेटावर तेनोच्तित्लान वसवलं. पुढे स्पॅनिश राजवटीत तळं आटवत नेलं आणि शहर तळ्याच्या बुडावर पसरलं. त्या बुडाची माती म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली चिकणमाती. तिच्यात कोरड्या मातीच्या वजनाच्या कित्येक पट पाणी असतं. घट्ट कातळात भूकंपाची आडवी हलवणारी लाट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर जाते. त्या चिकणमातीत ती सेकंदाला ७०-८० मीटरवर येते. वेग एवढा घटला की लाटेतली ऊर्जा वाहून न्यायला मातीला जास्त हलावं लागतं. त्यातून लाट वरच्या पृष्ठभागावर आणि खालच्या कठीण थरावर आपटून पुन्हा पुन्हा परतते आणि मधल्या थरातच अडकून राहते.

आता एक सोपा हिशोब, तो लक्षात राहिला तर या धाग्याचं अर्धं काम झालं. मऊ थराच्या जाडीची चौपट करा आणि तिला त्या थरातल्या लाटेच्या वेगाने भागा. येईल तो त्या जमिनीचा स्वतःचा आवर्तकाल, म्हणजे एक हेलकावा पुरा व्हायला लागणारा वेळ. मेक्सिको सिटीत थर ४० मीटर, वेग ८० मीटर धरला, तर १६० भागिले ८० म्हणजे २ सेकंद. यंत्राच्या नोंदीतही तेच दिसतं, दोन-दोन सेकंदांचे सारखे हेलकावे, मिनिटाहून जास्त वेळ.

आणि इमारतींचाही स्वतःचा आवर्तकाल असतो. ढोबळमानाने मजल्याला ०.१ सेकंद. इमारत हलायला लागली, तडे गेले की ती थोडी मऊ पडते आणि तिचा काल लांबतो. त्यामुळे दोन सेकंदांच्या त्या जमिनीवर सर्वांत जास्त पडल्या त्या साधारण ६ ते १५ मजल्यांच्या इमारती. झोक्याला नेमक्या लयीत धक्का मिळत राहिला की तो चढत जातो, तसं त्यांचं झालं. त्याच भागातली बरीच एक-दोन मजली जुनी घरं उभी राहिली. ४४ मजली तोरे लातिनोआमेरिकाना हा मनोराही उभा राहिला. त्याचा काल दोन सेकंदांच्या बराच पलीकडे, आणि लिओनार्दो झीवार्त या अभियंत्याने आधी माती तपासून मग पाया आणि सांगाडा ठरवला होता. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात, पण १०,००० च्या आसपास धरले जातात.

तेव्हा "भूकंप किती रिश्टरचा आणि किती लांब" याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न हवेत. पायाखाली काय आहे, आणि त्याच्यावर किती उंच बांधलंय. आपल्याकडचे अनुभव, शंका लिहा. जमेल तसं उत्तर देतो.

---

चिंचेचं झाड

फार उपयुक्त धागा. एक शंका. लांब जाता जाता भूकंप क्षीण होतो असं आपण शाळेत शिकलो. मग चारशे किलोमीटरवर जे काही उरलं असेल ते वाढून वाढून किती वाढणार? आणि आमच्यासारख्या दोन मजली घरांना लांबच्या भूकंपाची भीती कमी आणि टॉवरवाल्यांना जास्त, असं समजायचं का?

---

कातळवाट

@चिंचेचं झाड, तुम्ही अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत.

भूकंपातून निघतात त्यात भरभर थरथरवणाऱ्या लाटाही असतात आणि संथ हेलकावणाऱ्याही. भरभर थरथरणाऱ्या लाटा खडकातून जाता जाता लवकर विरतात, संथ लाटा लांबवर टिकतात. त्यामुळे दूरच्या मोठ्या भूकंपातून येतात त्या मुख्यतः संथ लाटा. त्यांना खाली खोल, मऊ थर मिळाला तर तो नेमका त्यांच्याच लयीचा असतो. वर उंच इमारत असेल तर तिचीही लय तीच. तिन्ही जुळलं की १९८५ घडतं.

उलट, जवळचा उथळ भूकंप असला की लाटा भरभर थरथरवणाऱ्या असतात. त्या बैठ्या आणि ताठ घरांना झोडपतात, मग घर खडकावर असो वा नसो. म्हणून "दोन मजली म्हणजे सुरक्षित" असं सरसकट म्हणता येणार नाही. लांबच्या भूकंपापुरतं तुमचं अनुमान बरोबर आहे.

मेक्सिको सिटीतच याचा पडताळा मिळाला. १९ सप्टेंबर २०१७ ला, १९८५ च्या स्मरणार्थ शहरात कवायत झाली आणि काही तासांत ७.१ चा भूकंप आला. केंद्र या वेळी १२० किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे लाटांची लय जरा जलद. नुकसानीचा पट्टा सरकला, जुन्या तळ्याच्या पश्चिम कडेला, जिथे चिकणमातीचा थर पातळ आहे आणि जमिनीचा काल एक सेकंदाच्या जवळपास. पडल्या त्या बहुतांश ४ ते ८ मजल्यांच्या. शहर तेच, तळं तेच, पण बळी गेले ते दुसऱ्या उंचीच्या इमारतींचे.

आणखी एक. तिथे भूजल उपसल्याने ती चिकणमाती दबत चाललीय, शहर खचतंय. थर पातळ आणि घट्ट होतोय, म्हणजे जमिनीचा आवर्तकालही वर्षागणिक कमी होतोय. एकदा नकाशा काढून मोकळं होता येत नाही.

---

तेरणाकाठ

माझं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. पहाटे चारला पाच-सात मिनिटं कमी असताना झालं.

आमच्याकडची घरं कशी होती ते इथल्या शहरी मंडळींना सांगतो. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, दगड घडवलेले नाहीत, नुसते गोलसर, मातीच्या गाऱ्यात रचलेले. भिंतीच्या आतलं आणि बाहेरचं असे दोन पदर, मधे चुरा आणि माती. दोन्ही पदर बांधणारा लांब दगड कुठेच नाही. वर लाकडी तुळयांवर माळवद, त्यावर उन्हाळ्यात गार राहावं आणि पावसात गळू नये म्हणून दरवर्षी मातीचा एकेक थर चढवलेला. बापजाद्यांपासून चढवलेला. भिंतीचा बाहेरचा पदर बाहेर पडला, आतला आत पडला, आणि अख्खं माळवद खाली आलं. माती नाकातोंडात गेली. दगडाखाली न अडकलेली माणसंही त्या मातीने गुदमरून गेली.

माझा प्रश्न साधा आहे. आमच्या काळ्या रानामुळे हे झालं का? गावात तेव्हापासून म्हणतात की काळ्या मातीवरची गावं गेली आणि माळावरची राहिली.

---

कातळवाट

@तेरणाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून पटकन काही लिहवेना.

किल्लारीच्या बाबतीत मला असं वाटतं. भूकंप ६.२ च्या आसपासचा, पण फार उथळ, आणि गावं त्याच्या अगदी जवळ. पुढे किल्लारीला खोल बोअर घेतलं तेव्हा साधारण ३४० मीटरवर बेसॉल्ट संपून खाली जुना ग्रॅनाइटसारखा पायाचा खडक लागला. म्हणजे त्या भागात एकूण खडक लगेच लागतो, मेक्सिकोसारखा खोल चिखल नाही. काळ्या मातीचा थर काही मीटरचा. त्याने काहीच फरक पडला नाही असं नाही. ५ मीटर थर आणि १५० मीटरचा वेग धरला तर काल ०.१३ सेकंद येतो, आणि दगडी बैठ्या घराचाही काल त्याच टप्प्यातला. म्हणजे गावातल्या लोकांच्या म्हणण्याला आधार आहे. पण तुम्ही वर्णन केलंय तशी दोन पदरी भिंत आणि त्यावर माळवद असेल तर कातळावरही ती टिकली नसती. जवळपास १०,००० माणसं गेली, त्यात मोठा वाटा त्या बांधणीचा.

हे मुद्दाम लिहितोय. मातीचा विषय मांडताना बांधकामाचा दोष झाकला जाऊ नये.

---

आरसीसी

कातळवाट यांचं शेवटचं वाक्य मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी स्ट्रक्चरल डिझाइन करतो. मातीवर खापर फोडायला सगळ्यांना आवडतं, कारण माती कुणाच्या सहीने बनलेली नसते. शहरातला खरा धोका मला पार्किंगच्या मजल्यात दिसतो. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती, त्यामुळे ते ताठ. खाली गाड्या लावायला नुसते खांब, त्यामुळे तो मऊ. सगळी लचक त्या एका मजल्यात येते.

कोडचं थोडं सांगतो, कारण वर "माती झोनच्या नकाशात नसते" असं आलंय. नकाशात नसली तरी कोडमध्ये आहे. आयएस १८९३ या भूकंपरोधक डिझाइनच्या भारतीय कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत जमिनीचे तीन प्रकार आहेत, खडक किंवा कठीण, मध्यम आणि मऊ. आखूड कालाच्या इमारतींना भूकंपाचं बळ ठरवणारा गुणांक तिन्हींसाठी सारखाच, २.५. फरक पडतो तो पुढे. खडकावर हा २.५ चा सपाट भाग ०.४ सेकंदाला संपतो, मध्यमवर ०.५५ ला, मऊ मातीवर ०.६७ ला. त्यानंतर उतरण.

उदाहरण घ्या. ३० मीटर उंच इमारत, पायाशी १६ मीटर रुंद, विटांच्या भिंती भरलेल्या. कोडच्या सूत्राने काल ०.०९ गुणिले ३० भागिले १६ चं वर्गमूळ, म्हणजे साधारण ०.६७ सेकंद. खडक धरला तर गुणांक १.५ च्या आसपास, मऊ माती धरली तर जवळपास २.५. त्याच झोनमध्ये, त्याच इमारतीवर, दीडपटीहून जास्त बळ. तेव्हा डिझाइनमध्ये चुकीचा प्रकार धरला गेला तर झोन बरोबर असूनही उपयोग नाही.

---

साबरमतीपार

अहमदाबादेत दोन पिढ्या राहणारे आम्ही मराठी. २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमाराला मी गच्चीवर होते. समोरची इमारत आणि आमची इमारत एकमेकींकडे झुकून परत जाताना डोळ्यांनी पाहिलंय, सावकाश, समुद्रातल्या होडीसारखं.

भूजच्या त्या भूकंपाचं केंद्र इथून सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त दूर. तरी शहरात ७० हून अधिक बहुमजली इमारती कोसळल्या आणि साडेसातशेच्या आसपास माणसं गेली. आरसीसी म्हणतात तसंच, त्यातल्या बहुतेक खाली पार्किंग ठेवलेल्या चार-पाच मजली आणि दहा मजली. पण जमीनही बघा ना. साबरमतीने आणून टाकलेला गाळ खाली शेकडो मीटर आहे, खडक कुठे लागतच नाही. आणि जुन्या शहरातल्या पोळींमधली (पोळ म्हणजे तिथली दाट गल्लीवस्ती) लाकडाचे बांध घातलेली दोन-तीन मजली घरं बहुतेक उभी राहिली.

आणखी एक सांगण्यासारखं. १८१९ मध्ये कच्छला असाच मोठा भूकंप झाला होता, अल्लाबंद नावाचा जमिनीचा लांबलचक बांध उचलला गेला तो. तेव्हा अहमदाबादच्या जामा मशिदीचे दोन उंच मिनार पडले. मशीद राहिली, मिनार गेले. लांबून आलेल्या संथ हेलकाव्यांनी उंच आणि सडपातळ तेवढं निवडून पाडलं, असं मला हा धागा वाचताना लक्षात आलं. १८१९ ला जे दिसलं होतं ते २००१ पर्यंत कुणी आपल्या बांधकामाशी जोडून पाहिलं असतं तर किती बरं झालं असतं.

---

कातळवाट

@साबरमतीपार, मिनारांचं निरीक्षण फार मोलाचं आहे. मिनारांच्या जुन्या बांधणीचाही त्यात भाग असणार, पण तुम्ही लावलेला संबंध मला पटतो.

---

बेएरिया मराठी

सॅन होजेहून. आमच्या भागातलं एक उदाहरण इथे हवंच.

१७ ऑक्टोबर १९८९, लोमा प्रिएटा भूकंप, ६.९. ओकलंडमध्ये सायप्रस व्हायाडक्ट नावाचा दुमजली उड्डाणपूल होता. एकूण ६३ मृत्यूंपैकी ४२ त्या एका पुलावर झाले. वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला. पण अख्खा पूल पडला नाही! त्याचा उत्तरेकडचा भाग खाडीच्या मऊ चिखलावर होता, तो कोसळला. दक्षिणेकडचा भाग घट्ट वाळू-रेतीवर होता, तो उभा राहिला. पूल एकच, एकाच काळातला, नंतर लोकांनी तिथे तात्पुरती यंत्रं लावून छोट्या धक्क्यांच्या नोंदी घेतल्या, तर चिखलावरची थरथर शेजारच्या खडकाच्या कित्येक पट निघाली. माती आणि बांधकाम यांचा वाटा वेगळा काढून दाखवणारं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

सॅन फ्रान्सिस्कोतला मरीना भागही तसाच. १९१५ च्या प्रदर्शनासाठी तिथली खाडी भरून काढली होती. केंद्र शंभरेक किलोमीटर लांब असूनही तिथली घरं पडली, गॅसच्या नळ्या फुटून आग लागली. आसपासच्या टेकड्यांवर मात्र नुकसान किरकोळ. भरावाची जमीन म्हटलं की आता इथे सगळे कान टवकारतात.

---

शाळेचा फळा

मी भूगोल शिकवते. नववीच्या मुलांना सांगण्यासाठी इथलं बरंच टिपून घेतलंय. काठमांडूचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहिते. ते खोरं म्हणजेही जुनं तळंच. मंजुश्रीने खड्गाने चोभारची घळ कापून पाणी सोडलं अशी तिथली कथा आहे, आणि तळ्याचा गाळ काही ठिकाणी पाचशे मीटरहून खोल आहे. २५ एप्रिल २०१५ चा ७.८ चा भूकंप झाला तेव्हा खोऱ्यात चार-पाच सेकंदांचे लांब हेलकावे नोंदले गेले. धरहरा मनोरा कोसळला. तो १९३४ लाही कोसळला होता. शहरातली लहान घरं मात्र भीती होती त्या मानाने बरीच टिकली.

माझी शंका अशी, वाळूतून पाणी वर येतं ते याच प्रकारात मोडतं का? कच्छच्या रणात २००१ ला ठिकठिकाणी पाणी उसळलं तेव्हा लोक सरस्वती परत आली म्हणत होते.

---

कातळवाट

@शाळेचा फळा, भाऊबंद पण वेगळा. चिकणमाती हलते आणि हादरा वाढवते. पाण्याने भरलेली सैल, बारीक वाळू मात्र हलवली की दाटून बसायला बघते, मधल्या पाण्याला वाट मिळत नाही, पाण्याचा दाब चढतो आणि वाळूचे कण एकमेकांवरची पकड सोडतात. तेवढ्यापुरती जमीन द्रवासारखी वागते. याला द्रवीभवन म्हणतात. दाबाखालचं पाणी वाळू घेऊन भेगांतून वर येतं, रणात दिसलं ते हेच. जपानमध्ये निगाता इथे १९६४ ला चार मजली निवासी इमारती अख्ख्याच्या अख्ख्या कलंडल्या, भिंतींना फारसा तडाही न जाता. ते चित्र मुलांना दाखवा, एका चित्रात विषय कळतो.

तुमच्या मुलांना जमिनीच्या आवर्तकालाचा हिशोबही करायला द्या. गुणाकार-भागाकार येतो त्या कुणालाही जमेल.

---

खाडीकाठ

धागा वाचून धडधड वाढलीय. आम्ही नवी मुंबईत खाडीलगत नवीन प्रकल्पात घर बघतोय, २२ मजले. बिल्डरच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, पाइल खाली खडकात नेलेत, मातीचा प्रश्नच येत नाही." हे खरं मानायचं का?

---

कातळवाट

@खाडीकाठ, अर्धं खरं आहे. सविस्तर लिहितो, कारण हे उत्तर बऱ्याच जणांना मिळतं.

आधी खाडीची माती कशी असते ते. बोअर घेताना आम्ही दर काही मीटरवर ठोकून बघतो. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि खालची पोकळ नळी मातीत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. पहिले १५ सेंटिमीटर सोडून द्यायचे, पुढच्या ३० सेंटिमीटरचे ठोके म्हणजे एन आकडा. चांगल्या मुरमात पन्नास ठोक्यांतही नळी पुरती जात नाही. खाडीच्या चिखलात काही वेळा ठोका मारायच्या आधीच, नुसत्या दांड्यांच्या वजनाने नळी खाली जाते. तेव्हा वहीत एन शून्य लिहायचा. नळी उघडली की काळसर करडा, लोण्यासारखा मऊ चिखल, त्यात शिंपल्यांचे तुकडे, आणि खाडीचा तो उग्र वास.

अशा चिखलात इमारत खचू नये म्हणून पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, खडकापर्यंत नेतात. ते आवश्यकच आहे. इमारतीचं वजन त्यामुळे खडकावर जातं. पण भूकंपात पाइलच्या भोवतीचा चिखल हलायचा थांबत नाही. तो पाइलना सोबत हलवतो, आणि चिखल संपून खडक सुरू होतो त्या सांध्यावर पाइल वाकवतो. म्हणून डिझाइनमध्ये चिखलाचा विचार करावाच लागतो. मेक्सिको सिटीत मातीच्या घर्षणावर टिकलेले पाइल असलेली इमारत पाइलसकट उपटून आडवी झाली होती. तुमच्याकडे खडकात रोवलेले पाइल आहेत, ही त्याहून खूपच चांगली स्थिती.

आता तुमचा हिशोब. खाडीचा चिखल समजा १० मीटर, वेग १०० मीटर. काल ०.४ सेकंद. ही लय साधारण चार मजली इमारतीची. तुमच्या २२ मजल्यांची लय याहून बरीच संथ. म्हणजे मेक्सिकोसारखी जुळणी तुमच्या बाबतीत होत नाही. त्याच चिखलावर उभ्या असलेल्या जुन्या चार-पाच मजली इमारतींची, त्यातही कमी खोल पाया आणि खाली दुकानं काढण्यासाठी भिंती पाडलेल्यांची, मला जास्त काळजी वाटते. त्यातले बहुतेक रहिवासी पुनर्विकासाच्या रांगेत आहेत आणि त्यांच्याकडे मातीचा अहवालच नसतो.

तरी प्रत्यक्ष थर किती जाड आहे ते अहवालात बघूनच बोला. मी १० मीटर उदाहरणापुरता धरलाय.

---

आरसीसी

@खाडीकाठ, माझ्याकडून एक भर. बिल्डरकडे डिझाइन बेसिस रिपोर्ट मागा. त्यात जमिनीचा प्रकार कुठला धरला ते लिहिलेलं असतं. पाइल खडकात गेलेत म्हणून "कठीण" धरलं असेल तर प्रश्न विचारा. वरचा चिखल मऊ असताना तो प्रकार का धरला, याचं लेखी उत्तर मिळायला हवं. चांगला डिझाइनर ते आनंदाने देतो.

---

डहाणूची चिकूवाडी

आमच्या डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले. बहुतेक लहान, मोठ्यातले मोठे ४ च्या आसपास. आवाज मोठा येतो, सुरुंग उडाल्यासारखा, पत्रे खडखडतात, कच्च्या भिंतींना तडे गेलेत. किती तरी कुटुंबं रात्री तंबूत झोपायची. आमच्याकडे खडक वर आहे. मग खडकावर कमी हलतं म्हणता ते कसं?

---

कातळवाट

@डहाणूची चिकूवाडी, कारण तुमच्याकडे धक्का पायाखालीच होतोय आणि उथळ आहे. वर चिंचेचं झाड यांना लिहिलं तशी ही भरभर थरथर. ती कानाला ऐकू येते, पत्रे वाजवते, ताठ बैठ्या घरांना जाणवते, आणि थोड्या अंतरात विरते. खडकावर हादरा "वाढत" नाही एवढाच मुद्दा आहे, मुळात जेवढा येतो तेवढा येतोच. कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ ला खडकावरच केवढं नुकसान झालं, धरणालाही तडे गेले.

तुमच्याकडे मातीपेक्षा घराच्या बांधणीचं काम आधी. लिंटेलच्या, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या, पातळीला चारी भिंतींवरून सलग पट्टा आणि कोपरे बांधून घेणं, एवढ्यानेही जीव वाचतात.

---

चिंचेचं झाड

आणखी एक विचारू? आमच्या घराला दर उन्हाळ्यात तिरप्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात मिटतात. गावात काळी माती आहे. हे भूकंपाचं लक्षण समजायचं का?

---

कातळवाट

नाही, काळजी करू नका. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, त्या भेगा तिच्या. भूकंपाशी संबंध नाही. पण भेगाळलेली भिंत भूकंपात आधी जाते, म्हणून दुरुस्ती टाळू नका. पाया मुरमापर्यंत नेलाय का ते जुन्या गवंड्याला विचारा.

---

शाळेचा फळा

सरकारने शहरांचे असे मातीनिहाय नकाशे काढलेत का? मुलांना प्रकल्प द्यायचा आहे.

---

कातळवाट

दिल्लीचा सविस्तर नकाशा १:१०,००० प्रमाणात २०१६ ला प्रसिद्ध झालाय. कोलकाता, गुवाहाटी, जबलपूर, बेंगळुरू इथेही काम झालंय. याला सूक्ष्म क्षेत्रीकरण म्हणतात. बोअर घेणं महाग, म्हणून जोडीला आणखी एक पद्धत वापरतात, जपानच्या नाकामुरांनी १९८९ मध्ये मांडलेली. वाहनं, वारा, समुद्र यांनी जमीन सतत अगदी सूक्ष्म थरथरत असते. तीन दिशांची थरथर टिपणारं छोटं यंत्र अर्धा-एक तास जमिनीवर ठेवायचं. आडवी थरथर उभ्या थरथरीच्या किती पट आहे ते प्रत्येक लयीसाठी काढायचं. जिथे उंचवटा दिसतो तो जमिनीचा काल. खोदकाम नाही, आवाज नाही. शाळेच्या मैदानावर कुणी महाविद्यालयाचे लोक हे करून दाखवायला तयार झाले तर मुलं कधी विसरणार नाहीत.

मुंबईसारख्या शहरात, जिथे सात बेटांमधल्या खाड्या भरून जमीन केली, तिथे वॉर्डावॉर्डाचा असा नकाशा प्रत्येक सोसायटीला बघायला मिळावा असं मला फार वाटतं. मेट्रो, पूल, टॉवर यांच्यासाठी इतके बोअर घेतले जातात, आणि ते अहवाल ज्याच्या त्याच्या कपाटात राहतात. एकत्र केले तर निम्मा नकाशा आजच तयार होईल.

---

खाडीकाठ

अपडेट देते. बिल्डरच्या कार्यालयात मातीचा अहवाल मागितला. आधी "हे कुणी मागत नाही" म्हणाले, मग दाखवला. आमच्या इमारतीखालच्या बोअरमध्ये वर दोन मीटर भराव, मग १३ मीटर "मरीन क्ले" लिहिलंय, एन आकडा ० ते ३, मग थोडा मुरूम, मग बेसॉल्ट. डिझाइनमध्ये जमीन "मऊ" धरलीय असं त्यांच्या इंजिनिअरने पान उघडून दाखवलं. पार्किंगच्या मजल्यांवर लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती खालपर्यंत सलग आहेत, तेही दाखवलं. आणखी काय विचारू?

---

आरसीसी

सलग भिंती आहेत हे वाचून बरं वाटलं. पोडियम, म्हणजे पार्किंगचा खालचा रुंद भाग, जिथे संपतो त्या मजल्यावर खांब तोडून दुसरीकडे नेलेत का, तेवढं विचारा.

---

कातळवाट

आणि बोअर किती घेतले, खडकात किती मीटर खाली गेले ते बघा. आपल्याकडे बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये तांबड्या बोलचा मऊ थर सापडतो. पहिला कातळ लागला म्हणून थांबलेल्या बोअरमध्ये तो दिसत नाही. कातळाच्या आत निदान चार-पाच मीटर गाभा, म्हणजे खडकाची गोल कांडी, काढलेला असावा, आणि पेट्यांमधले ते गाभे अजून ठेवले असतील तर त्यांचे फोटो मागा. तुम्ही अहवाल मागितलात म्हणून त्यांच्याकडे पुढच्या घेणाऱ्यालाही तो दाखवण्याची सवय लागेल, याचा मला खरंच आनंद झाला.